पाय उचलण्याआधी

सरकीच्या ढेपेचा वास मला व्हर्जिनियाच्या डोंगरात गाठेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तो होता. कोंदट, गोडसर, किंचित तेलकट, पोत्यांच्या तागात मुरलेला आणि लाकडाच्या शेगडीच्या धुरात मिसळलेला. दोन हजार पाचचा ऑक्टोबर उतरणीला लागला होता, मेपलच्या झाडांवरचा तांबडा जाळ विझत आला होता, आणि बाबांना पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया हव्या होत्या म्हणून आम्ही दोघं गावाबाहेरच्या, गुराढोरांचं खाद्य विकणाऱ्या एका जुन्या दुकानात शिरलो होतो. बाबा दारातच थांबले. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "मंजू, हा तर आपल्या अमरावतीच्या ढेपेचा वास!" आई गेल्यानंतरच्या वर्षभरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं आनंदाचं वाक्य असावं, आणि ते गुरांच्या खाद्याला उद्देशून होतं.

सहा महिन्यांच्या व्हिसावर ते माझ्याकडे आले होते. माझा नवरा अनिल त्या वर्षी प्रोजेक्टसाठी टेक्ससला, अर्विंगला होता आणि महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी घरी यायचा. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासायचे. दिवसभर घरात बाबा एकटे, खिडकीशी खुर्ची ओढून पक्षी पाहत बसलेले. आयुष्यभर मुलींच्या शाळेत संगीत शिकवलेला हा माणूस माझ्या घरात एक सूरही लावत नव्हता, आणि मीही त्यांना कधी 'लावा' म्हटलं नव्हतं. आमच्या दोघांमध्ये गाणं हा विषय वीस वर्षांपूर्वीच मिटला होता. म्हणजे मी तो मिटवला होता.

दुकानाच्या मागच्या भागात, शेगडीभोवती, दहाएक माणसं वर्तुळ करून वाजवत बसली होती. दोन फिडल, म्हणजे इथली व्हायोलिनच, एक गिटार, आणि मधोमध मोडक्या पाठीच्या खुर्चीवर एक ऐंशी ओलांडलेला, उंच, वाळक्या शेंगेसारखा म्हातारा. त्याच्या मांडीवर बँजो होता. डफाला लांब मान जोडून तारा चढवल्यासारखं ते वाद्य. चामड्याने मढवलेलं, मधोमध हाताच्या घामाने काळवंडलेलं. म्हातारा तारा छेडत नव्हता, नखाच्या पाठीने त्यांच्यावर वरून टकटक मारत होता, आणि दर आघातानंतर त्याचा अंगठा मानेच्या निम्म्यातूनच निघणाऱ्या एका आखूड तारेवर अलगद टेकून सुटत होता. ती तार सतत एकच सूर देत होती. बाकीचे सूर तिच्याभोवती पळत होते, परत येत होते, आणि ती आपली जागची हलत नव्हती. चाल चार ओळींची, पुन्हा पुन्हा तीच, पण दर फेरीला कुठेतरी एखादी जागा उजळून जायची.

बाबा बियांचं पोतं छातीशी धरून उभे होते. कितव्या तरी फेरीला म्हाताऱ्याने एक सूर मुद्दामच उशिरा घेतला, रिकाम्या जागेत क्षणभर फक्त ती आखूड तार वाजली, आणि बाबा म्हणाले, "वाह!"

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. माझा कानांवर विश्वास बसेना. सातव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत, रोज पहाटे, पेटीसमोर मांडी घालून मी या माणसापुढे गायले होते. आंतरशालेय स्पर्धेची ढाल घेऊन घरी आले तेव्हा ते म्हणाले होते, "वरचा गंधार अजून कच्चाच आहे." बारा वर्षांत 'वाह' नाही, 'छान' नाही, साधी मानही नाही. फक्त "पुन्हा घे." एका पहाटे मी पुन्हा घेतलं नाही, उठले, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात तोंड खुपसलं ते कायमचं. आणि आज गुरांच्या खाद्याच्या दुकानात, बुटांना शेण लागलेल्या परक्या म्हाताऱ्याला ती 'वाह' फुकटात मिळाली होती. स्पष्टच सांगते, माझ्या पोटात दुखलं. शब्दशः दुखलं, बरगड्यांखाली, डाव्या बाजूला.

चाल संपताना म्हाताऱ्याने उजवा पाय गुडघ्यातून सरळ वर उचलला, आणि पुढच्या समेवर सगळी वाद्यं एकदम थांबली. मी शेजारच्या, डॅना नावाच्या फिडलवाल्या मुलीला विचारलं, हे काय? ती हसून म्हणाली, "ज्याने चाल सुरू केली त्यानेच ती संपवायची. हात गुंतलेले असतात ना, म्हणून पाय उचलायचा. 'ही शेवटची फेरी' असं सांगण्याची आमची रीत आहे." मी मान डोलावली. बाबा तेव्हा कोपऱ्यात गेले होते. तिथे पोत्यांखाली दबलेली एक पायपेटी त्यांना दिसली होती. कुठल्याशा बंद पडलेल्या चर्चमधून आणून टाकलेली, पायांनी भाता मारत वाजवायची. तिच्यावरची धूळ ते रुमालाने पुसत होते. पायाची ती रीत त्यांनी पाहिली नाही, डॅनाचं बोलणंही ऐकलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी आम्ही तिथे जाऊ लागलो. बाबा सकाळपासूनच दाढी करून, कोट घालून तयार. शुक्रवारीच विचारायचे, "उद्या जाऊन राहिलो ना आपण?" तिथे ते मागे पोत्यांवर बसून डोळे मिटून ऐकायचे, चाल थांबली की मगच उघडायचे. त्या म्हाताऱ्याला सगळे मिस्टर ओरिन म्हणत. बाबा आणि मिस्टर ओरिन यांच्यात सामायिक असे इंग्रजी शब्द जेमतेम वीस असतील, पण बाबा बोटांनी ताल मोजून दाखवायचे, मिस्टर ओरिन आखूड तार वाजवून भुवया उंचवायचे, आणि बाबा आनंदाने म्हणायचे, "षड्ज! मंजू, सांग यांना, आम्ही याच्यासाठी वेगळा तंबोरा घेऊन बसतो!" आणि मी दुभाष्याच्या पगाराविना ते इमानेइतबारे सांगायचे. मधल्या वेळात म्हाताऱ्याच्या चुका मोजायचे. तिसऱ्या शनिवारी त्याची चार वेळा तार चुकली, दोनदा लय घसरली. बाबांनी त्या दिवशी तीन वेळा 'वाह' म्हटलं.

त्याची कहाणीही मी तुकड्यातुकड्याने गोळा केली, आणि आज कबूल करायला हरकत नाही, ती गोळा करण्यामागे भक्तिभाव नव्हता. मला ती लहान निघायला हवी होती. त्याला बँजो त्याच्या आईने शिकवला, परसात मक्याची कणसं सोलता सोलता. विशीत तो लाकडाच्या गिरणीत लागला, आणि गिरणीचा भोंगा होण्याआधी, पहाटे पाचला, जवळच्या शहरातल्या रेडिओवर एका पिठाच्या कंपनीच्या जाहिरातींच्या मध्ये पंधरा मिनिटं वाजवू लागला. दूध काढता काढता ऐकणाऱ्या बायकांची पत्रं यायची. मग काही वर्षं तंबूतल्या खेळांबरोबर ट्रकच्या मागे बसून तीन राज्यं फिरला. एक तबकडी निघाली, दोन चालींची. ती त्याच्याकडेही उरलेली नाही. मग तीन बोटांत धातूची नखं चढवून विजेच्या वेगाने वाजवणाऱ्या पोरांची नवी पद्धत आली, रेडिओवाल्यांनी त्याची जागा तशाच एका पोराला दिली, आणि याने बँजो खिळ्याला अडकवला तो जवळजवळ वीस वर्षं. पुढे शहरातले विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन शोधत आले, महोत्सवांत नेलं, व्यासपीठावर बसवलं. "ते म्हणायचे, आम्ही तुला शोधून काढलं," मिस्टर ओरिन सांगायचा. "मी तर जन्मभर त्याच ओढ्याकाठी होतो." सगळे हसायचे. मी मनात हिशेब करायचे: पंधरा मिनिटांचा रेडिओ आणि दोन चाली, एवढ्यावर एवढा मान!

नोव्हेंबरच्या मध्यावर झाडं उघडी पडली, उन्हाला नुसताच रंग राहिला, ऊब राहिली नाही. त्या शनिवारी मिस्टर ओरिनने बाबांना हाताला धरून वर्तुळात नेलं आणि आपल्या अगदी शेजारी, एका बुटक्या स्टुलावर बसवलं. मानाची जागा होती ती. बाबांच्या चेहऱ्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्याच्या खुर्चीवर बसल्यासारखा संकोच होता, डोळे मिटायचेही ते विसरले होते. चाल सुरू झाली, दहा-बारा फेऱ्या झाल्या, आणि मग नेहमीप्रमाणे मिस्टर ओरिनचा पाय उठला. लाल माती आणि शेणाने माखलेला बुटाचा तळवा, बाबांच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

बाबा गोरेमोरे झाले. ज्या घरात पेटीला चुकून पाय लागला तर आधी तिला, मग स्वतःच्या कपाळाला हात लावायचा, पेटीकडे पाय करून झोपायचं नाही, असं वळण, त्या घरातला हा माणूस. त्यांनी उठून बिया घेतल्या, कोटाची बटणं लावली, गाडीत येऊन बसले.

"वाद्य मांडीवर असताना माणसाच्या तोंडासमोर पाय करायचा? माझं काय चुकलं तरी काय?"

एका वाक्याचं काम होतं. 'बाबा, शेवटची फेरी सांगायची ती रीत आहे.' ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी गाडी सुरू केली, आरशात मागे पाहिलं आणि म्हणाले, "असतात बाबा इथले लोक असे."

पुढच्या शनिवारी त्यांनी दाढी केली नाही. त्याच्या पुढच्याही. मला समाधान वाटलं का? वाटलं. घरात शांतता होती, आणि त्या शांततेत आता फक्त मीच होते. माझ्या डोक्यात काय काय योजना होत्या, सांगायलाही लाज वाटते. भाजी चिरताना मी मुद्दाम गुणगुणायला लागले, वीस वर्षांत पहिल्यांदा. भूपाची जुनी बंदिश, बाबांनीच शाळेच्या मुलींसाठी बांधलेली, मी सातव्या वर्षी शिकलेली. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून गुणगुणले. बाबा खिडकीशी बसून होते. जरा वेळाने त्यांचा आवाज आला, "मंजू, बाहेर बर्फ पडेल का आज?" मी गॅस मोठा केला आणि फोडणी करपवली. शनिवार हिरावून घेऊनही त्यांचे कान काही माझ्या वाट्याला आले नव्हते. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते, जेवताना घास हातात धरून बसायचे, आणि आईच्या आठवणीने नव्हे हे मला पक्कं ठाऊक होतं.

नाताळ मागे पडल्यावर बिया संपल्या म्हणून मी एकटीच दुकानात गेले. वार मंगळवार, वाजवणारं कुणी नव्हतं. मिस्टर ओरिन शेगडीशी एकटाच बसला होता. "तुझे पप्पा कुठे आहेत?" त्याने विचारलं. मी म्हणाले, त्यांना बरं नाही. सहज जमून गेलं मला खोटं बोलणं. त्याने ओंडका आत सरकवला, आणि मी काही विचारलेलं नसताना त्या पोराबद्दल बोलू लागला, ज्याला रेडिओवरची त्याची जागा मिळाली होती.

"गिरणीत जाण्याआधी मी रोज पहाटे त्याला ऐकायचो. बायको म्हणायची, बंद कर तो रेडिओ, कशाला जिवाला त्रास करून घेतोस? पण मी ऐकायचोच. एकदा तरी चुकेल, म्हणून. पाच वर्षं ऐकलं." तो जाळाकडे पाहत हसला. "चांगला वाजवायचा. फार चांगला. मी एक दिवससुद्धा त्याचं वाजवणं ऐकलं नाही, मॅम. नुसती चूक ऐकत राहिलो."

बियांचं पोतं हातात घेऊन मी उभी राहिले. या माणसाच्या चाली मी पाच शनिवार ऐकल्या होत्या, आणि त्यातली एकही मला म्हणून दाखवता आली नसती. चुका मात्र सगळ्या पाठ होत्या.

घरी आले तेव्हा बाबा मागच्या अंगणात पक्ष्यांचं रिकामं भांडं झटकत होते. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं. मी कोट न काढताच सगळं सांगून टाकलं. पायाची रीत, डॅनाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, गाडीतलं माझं वाक्य, सगळं.

बाबांचं भांडं झटकणं थांबलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू आत्ता सांगून राहिली? इतके शनिवार गेले माझे, मंजू."

"तुम्ही त्यांना वाह म्हणालात," मी म्हणाले. चाळिशीला टेकलेली बाई मी, आणि आवाज सात वर्षांच्या मुलीचा निघाला. "पहिल्याच दिवशी. मला बारा वर्षांत एकदाही नाही."

त्यांनी भांड्यात बिया ओतल्या. सावकाश, एक दाणाही खाली पडू न देता. पाठ माझ्याकडेच होती.

"माझे गुरुजी सांगायचे, शिष्याला वाह म्हटलं की तो तिथेच थांबतो. मला तू थांबायला नको होतीस." मग भांड्याचं झाकण लावत म्हणाले, "मी म्हटलं नाही. तरी थांबलीच तू."

त्यात क्षमा होती की दोषारोप, मला समजलं नाही. आजही समजत नाही. मुलाबाळांना कौतुकाचा उपास घडवणाऱ्या त्या कुणा गुरुजींचा मला अतोनात राग आला, एवढं मात्र नक्की.

त्यानंतर उरलेल्या शनिवारांपैकी एकही आम्ही चुकवला नाही. पहिल्या दिवशी बाबांनी मिस्टर ओरिनचा हात हातात घेऊन माझ्याकरवी माफी मागितली, आणि मी यावेळी भाषांतर पूर्ण केलं, कुणामुळे गैरसमज झाला ते नाव धरून. मिस्टर ओरिनने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी बूट पुसून येईन."

शेवटचा शनिवार फेब्रुवारीतला. बुधवारी बाबांचं विमान होतं. बर्फ पडून गेलं होतं, आणि ऊन त्यावरून परतून दुकानाच्या छतापर्यंत पोचत होतं. पोत्यांवर, शेगडीच्या नळीवर, तारांवर सगळीकडे एक स्वच्छ, थंड उजेड. मिस्टर ओरिनने पायपेटीवरची पोती हलवून ठेवली होती. खुणेने त्याने बाबांना सांगितलं, आज चाल तुम्ही सुरू करा.

बाबा बसले. दोन्ही पाय भात्याच्या पट्ट्यांवर ठेवून त्यांनी भाता मारला; पेटी आधी खोकली, मग तिच्या पोटातून एक जुनाट, ओलसर सूर निघाला. त्यांनी भूप धरला. शाळेच्या मुलींची तीच बंदिश. मिस्टर ओरिनने मान तिरकी करून दोन फेऱ्या ऐकल्या, खुंट्या पिळल्या, आखूड तार बाबांच्या षड्जावर आणून ठेवली, आणि तिसऱ्या फेरीला नखाची पहिली टकटक पडली. पाच सुरांचा तो राग त्या डोंगरातल्या चालींपासून फारसा लांब नव्हताच. फिडल आल्या, गिटार आली, आणि बंदिश ओढ्यात सोडलेल्या पानासारखी वाहू लागली. बाबा मात्र दर फेरीला मुखड्यापाशी किंचित थांबत होते. कुणाला कळलं नसेल. मला कळलं. जिथे शब्द सुरू होतात तिथे ते शब्दांपुरती जागा सोडत होते.

पाचव्या फेरीला मी गायले.

आवाज फाटका निघाला. वीस वर्षांची धूळ बसलेला, मधेच तुटणारा. वरचा गंधार कच्चाच होता. पण ती आखूड तार खाली उभी होती, आणि मी घसरले की तिच्यावर टेकत होते. कितव्या तरी फेरीला मी षड्जावर उतरत असताना मिस्टर ओरिनने त्याची ती खोडी केली, सूर उशिरा घेतला, आणि आम्ही दोघं एकाच क्षणी, एकाच जागी येऊन पोचलो. पेटीमागून आवाज आला, "वाह!"

मी झटकन पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. ती माझी होती की त्या म्हाताऱ्याची, त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, जुनी कळ बरगड्यांखाली पुन्हा एकदा उमटलीच. मिस्टर ओरिनने माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू म्हणत होता, घे, तुझी आहे. की त्याला वाटलं होतं, आपली आहे? मी विचारलं नाही. बुधवारी विमानतळावरही नाही. विचारलं असतं तर अर्धी तरी हातची गेली असती.

फेऱ्या होत राहिल्या. ज्याने चाल सुरू केली त्यानेच ती संपवायची. सगळे बाबांच्या पायांकडे पाहू लागले. पण बाबांचे दोन्ही पाय पट्ट्यांवर होते, एक उचलला तर पेटीचा श्वासच जाणार. ते हसले, दमले होते, कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, आणि भुवयांनी खूण केली: तू उचल.

वर्तुळातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या पायावर आल्या. पुढची ओळ जवळ येत होती, आणि मुखड्यापाशी बाबांनी सवयीने पुन्हा तेवढीच जागा सोडली.

मी पाय जमिनीवरच ठेवला.